जुळलं नाही तर? आजारी भावासाठी तिसरं मूल: इंदूरमधलं एक प्रकरण

थॅलेसिमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही असा आनुवंशिक रक्तविकार, असलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी, त्याच्याशी बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) जुळेल असं भावंड आयव्हीएफने जन्माला घालावं का, हा प्रश्न घेऊन इंदूरच्या रामबागेतलं एक मराठी कुटुंब माझ्याकडे आलं. मी थॅलेसिमियाच्या मुलांच्या पालकांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. वैद्यकीय माहिती त्यांना रक्तविकारतज्ज्ञांनी दिली होती आणि ती नीट समजावून दिली होती. माझ्याकडे ते आले ते एकाच गोष्टीसाठी: हे करणं योग्य आहे का? ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे बाळू म्हणते. नऊ वर्षांच्या बहिणीला तो ताई म्हणतो, मीही तेच म्हणते.

वडील पीथमपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, आई शाळेत शिकवते, घरात आजी आहेत. बाळू आठ महिन्यांचा असताना सारखा किरकिर करायचा, दूध नीट घ्यायचा नाही, पांढराफटक दिसायचा. हिमोग्लोबिन पाचच्या खाली निघालं आणि पुढच्या तपासण्यांत मेजरचं निदान झालं. मग आईवडिलांचं रक्त तपासलं, तर दोघंही मायनर. म्हणजे दोघांच्या अंगात या आजाराचं एकेक सदोष जनुक, स्वतःला काहीही त्रास नाही, पण दर गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता चारात एक.

आजी म्हणाल्या, “आमच्या सात पिढ्यांत हे नाही. हे सिंधी-पंजाब्यांत असतं.” इंदूरला सिंधी समाज मोठा आहे आणि त्या समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण भारतात सरासरी शंभरातले तीन-चार जण वाहक असतात आणि मायनर माणूस धडधाकट आयुष्य जगतो, म्हणून सात पिढ्यांना ते कळायला काही मार्गच नव्हता. लग्नाआधी ही तपासणी करून घ्या असं या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. यात त्यांचा दोष नाही, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, कारण आपल्यामुळे हे झालं असं मनात धरून बसलेला माणूस पुढे काहीही कबूल करतो. या घरात ते ओझं आईच्या वाट्याला जास्त आलं होतं.

बाळूला दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. आई त्या दिवशी रजा टाकते. पिशवी संपायला तीन-चार तास लागतात, पण त्याआधी शीर सापडायला हवी. सिस्टर मनगट थोपटत बसते आणि बाळू सांगतो, “इथे नको, इथे मागच्या वेळी फुगलं होतं.” कुठली शीर चालते आणि कुठली नाही, हे त्याला पाठ आहे. प्रत्येक पिशवीबरोबर लोह शरीरात जातं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. त्यासाठी रोज सकाळी रिकाम्या पोटी डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. चव त्याला आवडत नाही आणि अर्धा पेला बेसिनमध्ये जातो, असं आईनेच सांगितलं. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचं रक्तातलं माप, २६०० वर होतं. ते हजाराच्या आसपास यावं, अशी डॉक्टरांची अपेक्षा होती.

हा आजार मुळापासून जायचा, तर आज आपल्याकडे हाताशी असलेला मार्ग म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. मूल लहान असेल, लोह फार साठलं नसेल, यकृत चांगलं असेल आणि दाता एचएलए (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा) पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असेल, तर चांगल्या केंद्रांत शंभरातली ऐंशी ते नव्वद मुलं रक्ताच्या पिशवीतून सुटतात. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात २०१८ पासून ही सोय आहे. कोल इंडियाच्या २०१७ साली सुरू झालेल्या थॅलेसिमिया बाल सेवा योजनेतून गरजू कुटुंबांना प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते. म्हणजे प्रत्यारोपण या घराच्या आवाक्याबाहेरचं राहिलेलं नाही. अडतं ते दात्यापाशी.

सख्ख्या भावंडाशी एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. ताईच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. जुळला नाही. अहवाल आला त्या संध्याकाळी मोठ्यांनी ठरवलं, तिला लगेच काही सांगायचं नाही. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती बाळूपाशी गेली आणि म्हणाली, “सॉरी रे, माझं नाही जुळलं.”

हा प्रसंग मी प्रकरणाच्या नोंदीत सविस्तर लिहिला आहे. बरं करण्यासाठी मूल जन्माला घालणं म्हणजे त्याला साधन बनवणं, अशी भीती लोक बोलून दाखवतात, आणि ती पोकळ नाही. पण एका मुलाकडे दुसऱ्याचं औषध म्हणून बघणं या घरात भ्रूणापासून सुरू झालेलं नाही. ते ताईपासून सुरू झालं, कायदेशीरपणे, प्रेमाने, आणि कुणाच्या लक्षातही न येता. नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं की आपण कमी पडलो. जन्माला यायच्या मुलाची चिंता करणाऱ्यांनी आधी जन्मलेल्या मुलाकडे बघावं, असं मला वाटतं. ताईबरोबर आमच्या बालसमुपदेशक वेगळ्या बसल्या. तिला एवढंच कळायला हवं होतं की हे परीक्षेसारखं नाही, यात कुणी नापास होत नाही.

इतर मार्गही तपासून झाले होते. दात्यांच्या नोंदवह्यांत परका दाता शोधला. २००९ पासून चेन्नईहून काम करणारी ‘दात्री’ आपल्याकडची एक मोठी नोंदवही. जुळणारा मिळाला नाही. आईचा किंवा वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरो वापरता येतो, त्याचे निकाल सुधारत आहेत, पण मॅरो नाकारला जाण्याचा आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका पूर्ण जुळणाऱ्या भावंडापेक्षा जास्त. जनुकोपचाराबद्दल वडिलांनी खूप वाचलं होतं. कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला थॅलेसिमियासाठी अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बारा वर्षांवरच्यांसाठी आणि किंमत बावीस लाख डॉलर. रक्त आणि गोळ्या नियमित घेऊन जगणं हाही खराखुरा मार्ग आहे. लोहावर नीट नियंत्रण ठेवलेली मुलं आज शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. हे मी पालकांना पुन्हा सांगितलं, कारण ‘हे केलं नाही तर बाळू हातचा जाईल’ असं त्यांच्या बोलण्यात येत होतं आणि ते तसं नाही. प्रत्यारोपणातही जीव जाऊ शकतो. तिसरं मूल हवं की नको, हा निर्णय मृत्यूच्या धाकाखाली घेऊ नये.

आता जे करायचं घाटत होतं, ते असं. आयव्हीएफने भ्रूण तयार करायचे, पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येकाच्या बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढायच्या, भ्रूण गोठवून ठेवायचे आणि त्या पेशींवर दोन तपासण्या करायच्या: हा मेजर आहे का, आणि याचं एचएलए बाळूशी जुळतं का. पहिल्या चाळणीतून चारातले तीन पार होतात, दुसरीतून चारातला एक. दोन्हींतून पार होणारे सोळातले तीन, म्हणजे शंभरात एकोणीससुद्धा नाहीत. तो भ्रूण गर्भाशयात रुजेलच याची हमी नाही. आईचं वय चौतीस होतं.

यातलं पहिलं मूल ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत जन्मलं. कोलोरॅडोतल्या नॅश कुटुंबातल्या मोठ्या मुलीला फॅन्कोनी अनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार होता. धाकट्याच्या नाळेतलं रक्त तिला दिलं आणि ती वाचली. आपल्याकडे २०१८ साली अहमदाबादेत एका मुलीचा जन्म थॅलेसिमिया असलेल्या भावासाठी असाच झाला. त्या प्रकरणातली एक गोष्ट बातम्यांच्या कौतुकात मागे पडली आणि मला तीच महत्त्वाची वाटते. मुलीचं वजन दहा-बारा किलो होईपर्यंत सगळे थांबले आणि मार्च २०२० मध्ये तिचा बोन मॅरो काढून भावाला दिला. म्हणजे देणारी दीड वर्षाच्या आसपासची होती.

बाळूच्या आईवडिलांच्या डोक्यात मात्र नाळ होती. “नाळ तर टाकूनच देतात ना, त्यात बाळाला काय होणार?” वडील म्हणाले. नाळेतल्या रक्ताने बाळाला खरंच काही होत नाही. पण एका नाळेत मावणाऱ्या पेशी अनेकदा कमी पडतात आणि मग मॅरो घ्यावा लागतो, एकटा किंवा नाळेच्या रक्ताच्या जोडीला. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दहा ते वीस मिलिलिटर. दहा किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं साडेसातशे-आठशे मिलिलिटर. त्यातून दोनशे घेतलं तर चौथा हिस्सा गेला. कमरेच्या हाडात सुया टोचायच्या, त्यासाठी पूर्ण भूल, नंतर काही दिवस दुखणं, आणि इतक्या लहान दात्याला कधी कधी स्वतःलाच रक्त चढवावं लागतं. गंभीर इजा क्वचितच होते. मॅरो भरूनही येतो. तरी हे काहीच नाही, असं मी कुणाला म्हणू देत नाही. हे ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “हे आम्हाला कुणी असं आकड्यांत सांगितलंच नव्हतं.”

मूल एखाद्या कारणासाठी होऊ देणं हेच मुळात चूक, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्याकडे मुलं कशाकशासाठी होतात? वंशाला दिवा हवा, म्हातारपणी काठी हवी, पहिलीला सोबत हवी, सासूबाईंना नातू बघून डोळे मिटायचेत. यातल्या एकाही कारणावर समिती बसत नाही. भावाचा जीव हे कारण यांच्यापेक्षा वाईट कसं? कांटने सांगून ठेवलं आहे की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यातल्या ‘केवळ’वर सगळं अवलंबून आहे. एखादं मूल कशासाठी बोलावलं, यापेक्षा ते आल्यावर, आणि विशेषतः ते उपयोगी पडलं नाही तर, त्याला घरात जागा कशी मिळते, यावरून ते साधन आहे की लेकरू ते ठरतं. म्हणून मी प्रत्येकाला वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला. जुळलं नाही तर? तपासणी चुकली, किंवा जुळूनही प्रत्यारोपण फसलं, तर ते मूल तुम्हाला हवं आहे का?

वडील लगेच म्हणाले, “अर्थात.” इतक्या लगेच, की विचार झालेला नाही हे दिसत होतं.

आजींनी आदल्या भेटीत मला बाजूला घेऊन विचारलं होतं, एवढं सगळं तपासणारच आहेत तर मुलगाच ठेवता येईल का. १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर तर गर्भधारणेच्या आधीसुद्धा, ते करता येत नाही आणि सांगताही येत नाही, हे मी त्यांना कडक शब्दांत सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्याकडून मला फारशी आशा नव्हती. त्या खजरान्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून म्हणाल्या, “नवस मी बाळू बरा व्हावा म्हणून बोललेय. येणाऱ्यानेच त्याला बरं करावं, असं नाही बोलले. ते आपलं आलं की आलं. मुलगी असली तरी आलं.” सगळ्या घरात सर्वांत स्वच्छ उत्तर हेच होतं.

आई म्हणाली, “खरं सांगू? मला तिसरं मूल नको होतं. ताईनंतर बाळूसुद्धा घरच्यांच्या आग्रहाने. आता हवंय, पण का हवंय ते मला माहीत आहे. मग जुळलं नाही तर काय, हे मी कसं सांगू?” थोड्या वेळाने म्हणाली, “मला हे कुणी विचारलंच नाही. आई आहे म्हणजे करणारच, असं धरूनच सगळं चाललंय.”

आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं, क्वचित बीजांडकोश सुजून दवाखान्यात भरती, मग नऊ महिने, बाळंतपण, आणि हे सगळं दर तीन आठवड्यांची पिशवी सांभाळून. हे शरीर तिचं. तिचं ‘माहीत नाही’ हे वडिलांच्या ‘अर्थात’पेक्षा मला जास्त विश्वासाचं वाटलं. मी तिला सांगितलं की नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तिने नाही म्हटलं तर घरी ते ‘वैद्यकीय कारणाने जमत नाही’ असं सांगायची जबाबदारी डॉक्टर घेतील. अमेरिकेत काही ठिकाणी जिवंत दात्यांना अशी पळवाट मुद्दाम ठेवतात. आपल्या घरांत तर तिची गरज जास्त आहे. तिने तीन आठवडे घेतले आणि एका प्रयत्नाला हो म्हणाली.

मधल्या काळात एका काकांनी स्वस्तातला उपाय सुचवला: नैसर्गिक दिवस राहू देत, अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतात त्यातच दोन्ही तपासा, जुळलं तर ठेवा. या बाबतीत मी अजिबात नरम नाही. थॅलेसिमियासाठी ती तपासणी जरूर करावी, कुठल्याही मायनर जोडप्याने करावी. पण त्याच नमुन्यावर एचएलए बघू नये. ती माहिती पोटात मूल असताना मिळवून तिचं करणार काय? नाळेचं रक्त तर जन्मल्यावरही तपासता येतं. आधी कळण्याचा एकच उपयोग उरतो, निरोगी गर्भ न जुळल्याबद्दल पाडणं. आपला गर्भपाताचा कायदा त्यासाठी नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बाईने दर खेपेला तीन महिने गर्भ वाढवावा, मग तो निरोगी असूनही खुडावा, हे मला मान्य नाही. प्रयोगशाळेतल्या पाच दिवसांच्या भ्रूणाला मी गर्भाच्या बरोबरीचं मानत नाही, म्हणून एकीकडे वाट आहे म्हणते आणि दुसरीकडे नाही. ज्यांना दोन्ही सारखेच वाटतात, त्यांनी आयव्हीएफच्या वाटेलाही जाऊ नये. त्यांच्या मताचा मी आदर करते. काकांना वडिलांनीच फोनवर सांगितलं, “हे आमच्याच्याने होणार नाही.”

कायद्याचा मुद्दा आयव्हीएफलाही येतो. सहायक जननतंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यात भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी करावी असं म्हटलं आहे. एचएलए जुळणं हा आजार नाही. थॅलेसिमियात भ्रूणाला स्वतःलाच आजाराचा धोका असतो, म्हणून मूळ तपासणी कायद्यात बसते आणि एचएलए तिच्या पाठीवर बसून जातं. पण एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग असेल, जो सहसा आनुवंशिक नसतो, तर त्याच्या पालकांना कायद्याच्या या शब्दांत जागा दिसत नाही. ब्रिटनमध्ये नेमका हाच पेच झाला होता. अशा तपासण्यांना परवानगी देणाऱ्या तिथल्या प्राधिकरणाने थॅलेसिमियाच्या मुलासाठी हाशमी कुटुंबाला परवानगी दिली, तर डायमंड-ब्लॅकफॅन अनिमिया हा दुर्मीळ रक्तविकार असलेल्या दुसऱ्या मुलाच्या पालकांना २००२ मध्ये नाकारली, कारण त्या भ्रूणांना स्वतःला धोका नव्हता. ते शिकागोला गेले. २००४ मध्ये प्राधिकरणाने ती अट काढली, २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हाशमींच्या परवानगीवर शिक्कामोर्तब केलं आणि २००८ च्या कायद्यात ही तपासणी स्पष्ट शब्दांत आली. आपल्याकडेही ती स्पष्ट शब्दांत यावी. अशी तपासणी कधी, कुणाच्या देखरेखीखाली, जन्मणाऱ्या मुलाच्या कोणत्या संरक्षणासह, हे लिहून ठेवलेलं नसलं की प्रत्येक दवाखाना आपापला अर्थ लावतो.

पहिल्या प्रयत्नात सहा भ्रूण तपासणीपर्यंत पोचले. दोन मेजर, त्यातल्या एकाचं एचएलए बाळूशी पूर्ण जुळत होतं. उरलेले चार निरोगी, मायनर धरून. चारांतलं एकही जुळत नव्हतं. हे दुर्दैव वाटतं, पण गणिताने सहा भ्रूणांच्या शंभर प्रयत्नांत एकोणतीस वेळा असंच होणार. ते आधी सांगितलेलं होतं. सांगितलेलं ऐकलेलं असतंच असं नाही.

“चार निरोगी आहेत, पण आपल्या कामाचे नाहीत,” वडील म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. रात्रपाळी करून सकाळी मुलाला पिशवीला घेऊन जाणारा बाप आहे तो. आई उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने विचारलं, “त्या चौघांचं काय?”

माझा मूळ प्रश्न असा वेगळ्या रूपात समोर आला. कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतात. मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. दवाखान्याच्या अर्जावर दोघांनी काय करायचं ते लिहून सही करायची होती. वडिलांनी ‘नष्ट’वर खूण केली. आईने रकाना कोरा ठेवला. वडिलांना दुसरा प्रयत्न लगेच करायचा होता, वय वाढतंय म्हणून, आणि त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही होतं.

दुसरा प्रयत्न चूक आहे असं मला वाटत नाही. पण या चारांबद्दल दोघांचं एकमत झाल्याशिवाय नवे भ्रूण तयार करू नयेत, असं मी लेखी दिलं. नाहीतर चाराचे आठ होतात, आठाचे बारा, आणि शेवटी साठवणीचे पैसे भरायचे राहिले म्हणून निर्णय आपोआप होतो. या दोघांचा निर्णय हळूहळू झाला, तो असा: चार भ्रूण राहतील. पुढच्या प्रयत्नात जुळणारं मिळालं नाही तर तिसरा प्रयत्न नाही, आणि त्यानंतर बाळूसाठी वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरो घेण्याबद्दल केंद्राशी बोलायचं. यातलं तिसरा प्रयत्न नाही, हे वाक्य आईचं. ते संमतीपत्रात तिच्या हस्ताक्षरात आहे. मधल्या वेळेत गोळीची वेळ बदलली, डॉक्टरांनी गोळीचा दुसरा प्रकार दिला आणि फेरिटिन सतराशेवर आलं. कुठलंही मूल जन्माला न घालता झालेला हा बाळूचा फायदा आहे.

राहिला प्रश्न होणाऱ्या मुलाच्या बाजूने कोण बोलेल याचा. या सगळ्या बैठकांत बाळूसाठी बोलणारे सगळे होते: आई, वडील, आजी, रक्तविकारतज्ज्ञ, मीसुद्धा. जे मूल उद्या भुलेच्या टेबलावर असेल, त्याच्यासाठी कुणी नाही. आईवडील त्याचेही आईवडील, पण त्यांचा जीव दोन्हीकडे ओढला जाणार. अमेरिकन अकादमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१० मध्ये याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे: लहान दात्यासाठी एक स्वतंत्र माणूस हवा, रुग्णावर उपचार करणाऱ्या चमूतला नको. आपल्याकडे अशी पद्धत रुळलेली नाही, पण ती सुरू करायला कुणाची मनाई नाही. जिवंत अल्पवयीन मुलांचे अवयव घेण्यावर आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने कडक बंधनं घातली आहेत; मॅरो पुन्हा भरून येतो म्हणून तो घेतला जातो. आणि तो घेतला जातो म्हणूनच तिथे कुणीतरी हवं.

आईची बहीण देवासला नर्स आहे. तिला मी विचारलं. ती आधी म्हणाली, “जे जन्मलंच नाही त्याची बाजू मी कशी घेऊ?” पण आली, संमतीपत्राचा मसुदा मागून घेतला आणि पेन घेऊन बसली. दात्याचे बालरोगतज्ज्ञ वेगळे असावेत, बाळूच्या डॉक्टरांपेक्षा निराळे, आणि मॅरो काढायचा की नाही याचा शेवटचा शब्द त्यांचा: हे तिने घालायला लावलं. वजन दहा किलोच्या आत असताना काढायचा नाही, हेही. मूत्रपिंड किंवा दुसरा कुठलाही अवयव या मुलाकडून कधीही मागायचा नाही, यावर वाद झाला नाही; वडिलांनी तिथे स्वतःहून सही केली.

वाद झाला तो मसुद्यातल्या ‘गरज पडल्यास पुन्हा’ या शब्दांवर. प्रत्यारोपण फसलं किंवा मॅरो कमी पडला तर त्याच दात्याकडून दुसऱ्यांदा पेशी घेता येतात. मावशीचं म्हणणं, एकदा म्हणजे एकदा, हे शब्द खोडा. वडिलांचं म्हणणं, दुसऱ्यांदा लागलं तर ते अगदी शेवटच्या क्षणी लागेल, तेव्हा आधीच दार बंद करून ठेवायचं का? माझं मत मावशीच्या बाजूला झुकतं, पण पूर्ण नाही: दुसऱ्यांदा मागता यावं, मात्र आजच्या सहीवर नाही. तेव्हा नव्याने विचारावं, त्या वेगळ्या बालरोगतज्ज्ञांना आणि मावशीला, आणि मूल तोवर बोलतं झालं असेल तर त्यालाही. वडिलांना यात वेळ जाईल अशी भीती आहे. मावशीला वाटतं, त्या क्षणी ‘नाही’ म्हणायची हिंमत तिच्यात असणार नाही, म्हणून ती आजच म्हणून ठेवायची आहे. तिन्ही मतं फाइलमध्ये शेजारीशेजारी लिहिलेली आहेत. दुसरा प्रयत्न ताईची वार्षिक परीक्षा झाल्यावर करायचा ठरलं आहे, आणि त्याआधी या एका ओळीचा निकाल लावायचा, एवढ्यावर तिघांचं एकमत आहे.